मंदाताईंच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी

तोलणार कॉलनीत यादी म्हणजे मतदारयादी आणि यादीवाली म्हणजे द्वारका कोंढरे. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, भुसार बाजाराच्या भिंतीला लागून ही दीडशे-दोनशे घरांची वस्ती आहे. एके काळी काट्यावर माल तोलणाऱ्यांनी इथे घरं बांधली, म्हणून हे नाव पडलं. आता तोलणारे थोडे उरलेत, नाव तेवढं राहिलंय. या वस्तीत कोण कुठल्या केंद्रावर आहे, कोण वारलं पण यादीत अजून ठणठणीत आहे, कुणाची बावीस वर्षांची सून यादीत ब्याऐंशी वर्षांची झाली आहे, हे सगळं द्वारकेला तोंडपाठ. "माझं नाव आहे का बघा हो," म्हणत कुणी आलं की ती यादी न उघडताच सांगायची, "हाय. पलीकडची शाळा, खोली चार. आणि ह्या टायमाला तरी जावा. मागल्या बारीला जेजुरीला गेलता." माणूस ओशाळायचा. मागच्या निवडणुकीला आपण जेजुरीला गेलो होतो हे त्याचं त्यालाही आठवत नसायचं.

अशी बाई ज्या पक्षाकडे असते त्या पक्षाला फार भाषणं करावी लागत नाहीत. हे पक्षाला कळायला चौतीस वर्षं लागली आणि कळलं तेव्हा जे झालं ते सांगायला जीभ रेटत नाही. तरी सांगायला हवं, कारण द्वारकेबद्दल वस्तीत सध्या जे बोललं जातं ते सगळं चांगलं आहे, आणि नेमकं तेच तिला सोसत नाही.

माहेर मांजरी गावचं. सातवी झाल्यावर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती इथे आली. नवरा भुसार बाजारात काट्यावर. माणूस अबोल, पण मापात खोट नाही अशी त्याची ख्याती. सहा वर्षांपूर्वी तो गेला. एक मुलगी, अपेक्षा, खराडीला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते आणि आईशी बोलताना तीन शब्दांतले दोन इंग्रजी वापरते. द्वारकेला ते कळतात, पण ती कळल्याचं दाखवत नाही.

पक्षात ती आली ती एका चुकीमुळे. चौतीस वर्षांपूर्वीच्या महापालिकेच्या निवडणुकीत दारात एक बाई यादी घेऊन उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीचं सुती पातळ, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला शबनम पिशवी. मंदाकिनी आपटे. माहेर सदाशिव पेठेतलं, सासर रस्त्यापलीकडच्या सोसायटीतलं, नोकरी शाळेत. त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, "द्वारका कोंढरे, पुरुष, वय एक्काहत्तर. आहेत का घरात?"

तेवीस वर्षांची द्वारका पिठाचे हात घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "हायेत की. भाकरी थापत्यात."

मंदाताई हसल्या. सदाशिव पेठेतल्या माणसाला दारातच हसवणं ही साधी गोष्ट नव्हे. त्या म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एवढं डोकं चुलीपुढे कशाला वाया घालवतेस?" भाकऱ्या झाल्यावर द्वारका गेली, ती गेलीच.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ही जोडी. एक नाव वाचायची, दुसरी खूण करायची. बाकीचे पक्ष छापील चिठ्ठ्या वाटू लागले, पुढे चिठ्ठी मोबाइलवर यायला लागली, पण या दोघी प्रत्येक मतदाराची चिठ्ठी हातानं लिहायच्या. नाव, केंद्र, खोली, यादीतला क्रमांक. म्हाताऱ्या माणसांना हातानं लिहिलेलं खरं वाटतं, असं मंदाताईंचं म्हणणं. आठ-आठ दिवस दोघी समोरासमोर बसून लिहीत. मंदाताई आधी चिठ्ठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायच्या आणि मग तिला अक्षरं टांगायच्या, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. नाव संपलं तरी रेघ कागदाच्या कडेपर्यंत जायची. द्वारका आधी अक्षरं काढायची आणि मग वरून रेघ द्यायची, मांजरीच्या गुरुजींनी शिकवली तशी. हजार चिठ्ठ्यांच्या ढिगातून कुठली कुणाची हे दोघी एका नजरेत सांगू शकत होत्या.

वस्तीची फेरी झाली की चहा मंदाताईंकडे. पुण्यात चहाचं काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. चहा घेणार का, असं विचारलं की आलेल्यानं समजून चप्पल शोधायची. पण चौतीस वर्षांत मंदाताईंनी द्वारकेला हा प्रश्न कधी विचारला नाही. ती चपला काढेपर्यंत आत आधण चढलेलं असायचं.

इतक्या वर्षांत प्रभागात नगरसेवक झाले ते सगळे पुरुष, आणि जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा त्या पुरुषांच्या बायका. दोघींनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. मग मध्ये चार वर्षं निवडणूकच झाली नाही. शेवटी ती लागली, आरक्षणाची सोडत निघाली, प्रभागातल्या चारपैकी दोन जागा महिलांसाठी सुटल्या आणि शहर कार्यालयातून निरोप आला, या वेळी त्यातल्या एकीवर उमेदवारी कार्यकर्तीलाच. तुम्ही एकच नाव ठरवा आणि कळवा.

नावं दोन आली.

द्वारकेला ती जागा हवी होती, आणि हवी होती हे तिनं कुणापासून लपवलं नाही. रस्ते-गटारांचं ती बोलायची, ते खरंही होतं. पण आतली गोष्ट वेगळी होती आणि ती तिनं फक्त लेकीला सांगितली. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली, एकदा मशिनवर आपलं नाव छापलेलं बघायचंय. यादीत पहिल्यांदा आलं तेव्हा पुरुष म्हणून आलं होतं. आता एकदा नीट येऊ दे.

"आई, यू डिझर्व्ह इट यार," अपेक्षा म्हणाली. "तू स्ट्राँगली फाइट कर."

"कुणाशी? मंदाताईंशी?"



मंदाताईंनी स्वतःच विषय काढला. चौसष्ट वर्षांच्या होत्या, गुडघे बोलायला लागले होते. म्हणाल्या, "द्वारका, मलाही हवंय. नको म्हटलं तर खोटं होईल. पुढच्या वेळी मी असेन-नसेन."

"मग तात्यांच्या रीतीनं होऊ द्या," द्वारका म्हणाली.

तात्या म्हणजे शाखेचे पहिले अध्यक्ष. आता फोटोत असतात. त्यांनी घालून दिलेली रीत अशी: एका जागेला दोघं उभे राहिले तर ज्यांनी किमान दोन निवडणुकांत काम केलंय त्यांनी चिठ्ठी टाकायची. इच्छुकानं स्वतःचं मत समोरच्याला द्यायचं. ज्याला आपलं एक मत दुसऱ्याला देववत नाही त्याला लोकांनी हजारो का द्यावीत, असं ते विचारायचे. मोजणीत प्रत्येकानं समोरच्याचा गठ्ठा मोजायचा, स्वतःचा नाही. आणि जो हरेल त्यानं जिंकलेल्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही करायची. दोनदा हे झालं होतं आणि दोन्ही वेळा शाखा फुटली नव्हती. शहरात बाकी ठिकाणी तिकीट कापलं की दुसऱ्या दिवशी माणूस दुसऱ्या पक्षाचा गमछा घालून दिसतो. या शाखेत तसं कधी घडलं नव्हतं आणि त्याचा सगळ्यांना मोठा अभिमान होता.

रविवारी सकाळी शाखेत चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. शाखा म्हणजे बारदानाच्या गोदामावरची एक लांबट खोली, तागाच्या वासानं भरलेली. शहर कार्यालयातून निरीक्षक म्हणून अवधूतराव आले होते. त्यांनी वीस मिनिटांत अकरा वेळा एकजूट म्हटलं. द्वारकेनं मोजलं, कारण मोजणं हा तिचा स्वभावच. सत्त्याऐंशी जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. द्वारकेनं कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन 'मंदाकिनी' असं लिहिलं, वरून रेघ दिली, घडी घातली. स्वतःविरुद्ध मत देताना एवढं शांत वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग डबा उघडला. अवधूतराव एकेक चिठ्ठी वाचत आणि ज्या नावाची असेल त्या गठ्ठ्यात टाकत. वाचून झाल्यावर मंदाताईंच्या नावाच्या चिठ्ठ्या द्वारकेपुढे आल्या, द्वारकेच्या नावाच्या मंदाताईंपुढे. दोघी मोजायला बसल्या.

द्वारकेनं आपली चिठ्ठी ओळखली. ती बाजूला सरकवली, पुढच्या घेतल्या. कुणाचं गिचमिड, कुणाचं छापल्यासारखं. तिसाव्या-बत्तिसाव्या चिठ्ठीवर ती थांबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ, तिला टांगलेली अक्षरं, नाव संपल्यावरही कागदाच्या कडेपर्यंत गेलेली रेघ. मंदाकिनी.

तिनं चिठ्ठी पुन्हा पाहिली. चौतीस वर्षं समोर बसून पाहिलेलं अक्षर, त्यात चूक व्हायला जागा नव्हती. समोर मंदाताई मान खाली घालून मोजत होत्या, ओठ हलत होते.

"चव्वेचाळीस," द्वारका म्हणाली.

"त्रेचाळीस," मंदाताई म्हणाल्या.

खोलीत एकदम गलका झाला. एका मतानं! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी च् च् केलं. द्वारकेच्या डोक्यात मात्र हिशेब होऊनही गेला होता. ही एक चिठ्ठी रीतीप्रमाणे पडली असती तर आकडे नेमके उलटे झाले असते. त्रेचाळीस तिकडे, चव्वेचाळीस इकडे. मशिनवर नाव कोंढरे द्वारका.

तिनं ती चिठ्ठी उचलून सगळ्यांना दाखवायला हवी होती. निदान मंदाताईंना कोपऱ्यात घेऊन, हे काय, एवढं तरी. पण तिनं पाहिलं, खोलीतली सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. आता ही काय करते? ओरडते का, रडते का, उठून जाते का? एक शब्द बोलली असती तर खोली तिथेच दोन झाली असती, वस्ती एकीकडे आणि सोसायटी एकीकडे. आधीच कुजबुज होती की शेवटी त्यांचंच माणूस पुढे जाणार. द्वारकेनं चव्वेचाळीस चिठ्ठ्यांना रबर लावलं, गठ्ठा अवधूतरावांच्या हातात दिला आणि मंदाताईंचा हात धरून वर केला. त्या फोटोला मोबाइलवर पुष्कळ अंगठे मिळाले.

तिसऱ्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयात तिनं अर्जावर सूचक म्हणून सही केली. सही नीट आली. मंदाताईंचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखी तूच गं."

द्वारकेला वाटलं, बघा, रडायलाही येतंय यांना.

संशय माणसाच्या मनात एकदा शिरला की त्याला खायला काही द्यावं लागत नाही, तो आपलं आपण शोधतो. द्वारकेला मागची चौतीस वर्षं वेगळी दिसायला लागली. सभेत आपल्याला कायम मागे का बसवलं? मंचावर बोलायच्या त्या आणि सतरंज्या घालायच्या आपण, हे कुणी ठरवलं होतं? बोलताना 'हाय' म्हटलं की 'आहे म्हण' असं टोकायच्या, ते शिकवायला की आपली जागा दाखवायला? खरं तर सतरंज्या मंदाताईंनीही घातल्या होत्या, आणि टोकल्याबद्दल द्वारकेनंच त्यांना एकदा 'मास्तरीणबाई' म्हणून सगळ्यांसमोर खोड मोडली होती, त्यावर दोघी पोट धरून हसल्या होत्या. पण ते आता आठवत नव्हतं.

प्रचारात ती रोज येत होती. कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. घोषणा द्यायची, पत्रकं वाटायची, मंदाताईंच्या बाजूला चालायची. फक्त चहाला मंदाताईंकडे वर जायची नाही. "घरून घेऊन आलेय," म्हणायची. मंदाताईंनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी जिन्यातच म्हणाल्या, "हरल्याचं लागलंय तुला. लागणारच. मला नसतं का लागलं?"

"छे. काय लागायचंय त्यात," द्वारका म्हणाली आणि उतरून गेली. घरी आल्यावर तिला त्या दयेचा असा संताप आला की तिनं कणीक दोनदा मळली.

आता यादीचं. नव्या प्रभागरचनेत तोलणार कॉलनीच्या मागच्या दोन गल्ल्या जुन्या केंद्रातून उचलून दुसऱ्या शाळेत टाकल्या होत्या, सातारा रस्त्याच्या पलीकडे. हे शाखेत कुणाच्याही लक्षात आलं नाही. पोरं मोबाइलवर ॲप घेऊन फिरत होती, त्यात नाव सापडलं की पुढे जात होती. द्वारकेच्या लक्षात पहिल्याच वाचनात आलं. एकशे त्रेचाळीस मतं. सगळी आपली, पिढ्यान्‌पिढ्या आपली. तिनं सवयीनं चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आणि दोन दिवसांत पूर्ण केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर खाली अधोरेखित करून लिहिलं, केंद्र बदललं आहे. मग त्या कापडी पिशवीत घातल्या आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली.

पहिल्या दिवशी म्हणाली, उद्या वाटीन. दुसऱ्या दिवशी पाय दुखत होते. तिसऱ्या दिवशी ती पिशवी काढून उंबऱ्यापर्यंत गेली, समोरच्या भिंतीवर मंदाताईंचं हसरं पोस्टर होतं, ती परत फिरली. मी पाडणार नाही, ती स्वतःला सांगत होती. मी सही केलीय, मी शब्द दिलाय. मी फक्त एवढं एक काम करणार नाही. बघू दे, माझ्याशिवाय होतंय का.

अपेक्षानं मतदानाच्या आदल्या दिवशी पिशवी पाहिली. "आई, ह्या डिस्ट्रिब्यूट नाही केल्यास?"

"केल्यात. ह्या उरलेल्या."

लेकीशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली असेल.

मतदानाला सुट्टी होती, पण ती कागदावर. सकाळी गाड्या लागल्या, माल उतरवायचा होता. मागच्या दोन गल्ल्यांतली माणसं मधल्या वेळात घाईघाईनं नेहमीच्या शाळेत गेली. तिथे नाव नाही. कुणी म्हणालं पलीकडच्या शाळेत बघा, कुणी म्हणालं ऑनलाइन बघा. काही गेली, बरीच परत कामाला लागली. एक जण तर तणतणत द्वारकेच्या दारात आला, "काकू, नावच न्हाई आमचं!" तिनं त्याला यादी न बघता खोली क्रमांक सांगितला. तो म्हणाला, "आता सांगताय? आता गाडी सोडून कसा जाऊ?" साडेचारपर्यंत ती दारातच बसून होती. शेवटच्या तासात उठून आठ-दहा जणांना हाताला धरून तिनं नेलंही. पण आठ-दहाच.

मंदाताई एकसष्ट मतांनी पडल्या.

बाकीच्या तीन जागांचं जे व्हायचं ते झालं. शाखेत कारणं निघाली. पैसा, हवा, मशिन, समोरच्यांची जात. मागच्या दोन गल्ल्यांचं नाव कुणी घेतलं नाही, कारण नाव न सापडलेली माणसं दर वेळी असतातच; दोन अख्ख्या गल्ल्या हलल्यात हे कुणाला माहीतच नव्हतं. मंदाताईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि घरी गेल्या. द्वारकेला वाटलं होतं, हिशेब फिटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसतंच अन्न गोड लागेना.

पंधरा दिवसांनी शाखेत चिंतन बैठक झाली. हरलेल्या पक्षाला चिंतन करावंच लागतं. अवधूतराव आले आणि या वेळी एकजुटीवर पाऊण तास बोलले. शहरात अमुक ठिकाणी बंडखोरी, तमुक ठिकाणी पाडापाडी. पण या शाखेकडे बघा. "एका मतानं उमेदवारी हुकलेली बाई दुसऱ्या दिवसापासून मैत्रिणीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. द्वारकाताई म्हणजे आपल्या एकजुटीचं जिवंत उदाहरण आहे." आणि त्यांनी तिला शाल घातली, हातात नारळ दिला. मंदाताई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मनापासून वाजवत होत्या, ते दिसत होतं. द्वारकेला शालीची नुसती लोकर टोचत होती असं नाही.

बैठक सुटल्यावर जिन्यात चंद्रभागामावशींनी तिला गाठलं. मावशी द्वारकेच्या शेजारच्या, मिरच्या निवडायला जायच्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. शाखेच्या प्रत्येक निवडणुकीत पाणी भरण्यापासून झेंडे शिवण्यापर्यंत केलेलं. त्यांनी शालीवरून हात फिरवला आणि एकदम रडायलाच लागल्या.

"द्वारके, लई दिस पोटात ठिवलंय गं. आता ऱ्हावत न्हाई. तू पडलीस ती माझ्यामुळं."

"काय बोलताय मावशी?"

"एका मतानं पडलीस न्हवं? ते मत माझं. मी मंदाताईंना दिलं."

द्वारका म्हणाली, "बरं केलं. ज्याचं त्याचं मत."

"बरं कुठलं गं. मला भ्या वाटलं. नगरसेवक झालेलं मानूस वस्तीत ऱ्हातंय का? आजवर कोन ऱ्हायलंय? तू बी जाशील म्हटलं पलीकडं, फ्लॅटात. मग मला रातीबेराती कोन? म्हून दिलं त्यांना." मावशींनी पदरानं नाक पुसलं. "आन् मला लिवता कुठं येतंय. दर बारीला तूच लिवून देतीस. ह्या बारीला तुला कोनत्या तोंडानं सांगू, तुझ्या इरोधात लिव म्हून? मग मंदाताईंकडंच गेले. त्या म्हनाल्या, मावशी, द्वारकेचं लिहू ना? मी म्हटलं न्हाई, तुमचंच लिवा. त्या थांबल्या. परत इचारलं, नक्की ना मावशी? म्हटलं लिवा हो. तवा लिवलं."

द्वारका जिन्याच्या पायरीवर बसली. हातातला नारळ तिनं बाजूला ठेवला, तो दोन पायऱ्या घरंगळत गेला आणि अडकला. मावशी सांगत राहिल्या, रागावू नको, मला माफ कर. द्वारका म्हणाली, "न्हाई हो मावशी. तुमची काय चूक." तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. मावशींना लिहिता येत नाही हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? आजवर त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्याच हातच्या होत्या. आणि तेवढं एक तिच्या डोक्यात आलं नाही.

घरी जाऊन तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि तशीच रस्ता ओलांडून मंदाताईंच्या सोसायटीत गेली. दुपारचे चार वाजले होते. मंदाताई जुन्या याद्या रद्दीसाठी बांधत बसल्या होत्या. "ये," त्या म्हणाल्या आणि नेहमीसारख्या उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"मंदाताई, थांबा. आधी ऐका."

द्वारकेनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गठ्ठ्यातली चिठ्ठी, रेघ, जिन्यातली दया, मागच्या दोन गल्ल्या, खुंटी. काही सोडलं नाही. बोलताना तिची भाषा पार मांजरीला गेली होती आणि मंदाताईंनी एकदाही टोकलं नाही. शेवटी तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या.

मंदाताई खाली बसल्या. चष्मा लावून त्यांनी एकेक चिठ्ठी उचलून वाचली. नाव, केंद्र, खोली, क्रमांक, केंद्र बदललं आहे. वीसेक वाचल्या असतील. मग त्या चिठ्ठ्या नीट एकावर एक लावत म्हणाल्या, "विचारायचं होतंस, द्वारका."

द्वारका टेबलाखाली पडलेली एक चिठ्ठी उचलायला वाकली.

"तुझा गठ्ठा माझ्याकडे होता," मंदाताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्रेचाळीस चिठ्ठ्या मी मोजल्या. माझी त्यातच होती, दिसली मला. पण तुझं अक्षर त्यात आहे का, हे शोधावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं."

"चुकले मी. मंदाताई, माझ्या तोंडात मारा."

"मी पडले त्याचं काही नाही. म्हातारपणी कुठे रोज पालिकेत जायचं होतं." त्यांनी गठ्ठ्यातली एक चिठ्ठी वर काढली. "त्या शिंद्यांच्या आजोबांची पण चिठ्ठी आहे यात. नव्वदीचे आहेत. दोघा पोरांनी खुर्चीवर बसवून नेलं म्हणे जुन्या शाळेत, आणि नाव नाही म्हणून परत आणलं. त्यांनी माझ्याकडे निरोप पाठवला होता, माझं नाव कुणी काढलं म्हणून. मी काय सांगणार? म्हटलं, द्वारकेला विचारते, तिला माहीत असेल."

खाली सोसायटीच्या फाटकाशी भाजीवाला ओरडत होता. मंदाताईंनी चिठ्ठ्यांना रबर लावलं आणि गठ्ठा परत पिशवीत घातला. पिशवी द्वारकेच्या हातात दिली. रद्दीत टाकली नाही.

त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबून वळल्या.

"चहा घेणार का?" त्यांनी विचारलं.

द्वारका म्हणाली, "नको. घरून घेऊन आलेय." आणि दारातल्या चपला शोधायला लागली.